कोड एडिटर निवडायचाय? आधी घरचं मशीन बघा

परभणीत स्टेशन रोडला माझा वेबसाईट बनवायला शिकवायचा क्लास आहे, दहा मशीनचा, म्हणजे दहा कॉम्प्युटरचा. दर जूनला नवी पोरं-पोरी येतात आणि पहिल्या तासाला एक प्रश्न ठरलेला: "सर, वेबसाईट बनवायला सगळ्यात भारी एडिटर कोणता?" मी उलटा विचारतो, "घरी मशीन कोणतं आहे?"

ही सवय मला मानवतच्या एका पोरामुळं लागली. चुलत्याच्या कृषी सेवा केंद्रातला जुना कॉम्प्युटर त्याच्या वाट्याला आला होता. विंडोज ७, रॅम २ जीबी. यूट्यूबवर बघून त्यानं व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उतरवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून क्लासला आला. "सर, तीनदा टाकला. उघडंनाच गेलंय. मला नाही जमायचं हे." आता यात त्याचं काय चुकलं? विंडोज ७ वर चालणारी व्हीएस कोडची शेवटची आवृत्ती १.७०, आणि तो उतरवत होता ताजी. मी त्याच्या पेनड्राइव्हवर नोटपॅड प्लस प्लस हा हलका एडिटर टाकून दिला. संध्याकाळी फोन आला, "सर, पान दिसायलंय."

म्हणून हा लेख 'पहिल्या पाच एडिटरांची यादी' असा नाही. घरात जे मशीन आहे त्याला कोणता एडिटर झेपेल, आणि त्यात आपली मराठी नीट टिकेल का, या दोन प्रश्नांवर मी पोरांना निवड करायला लावतो. तीच रीत इथं मांडतोय.

वर्ड का नको

वेबसाईटचं पान म्हणजे साध्या मजकुराची फाइल. तिच्यात पानाच्या मांडणीसाठी एचटीएमएल लिहायचं, जोडीला सजावटीसाठी सीएसएस, पुढं पान हलतं-बोलतं करायला जावास्क्रिप्ट. ही फाइल विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते. कोड एडिटर तिला रंग देतो, उघडलेला टॅग (एचटीएमएलची कंसातली खूण) बंद करायची आठवण ठेवतो, फोल्डरातल्या सगळ्या फाइली डाव्या हाताला मांडून ठेवतो. एवढंच त्याचं काम.

वर्ड मात्र घेऊ नका. दरवर्षी एक तरी जण वर्डमध्ये कोड लिहून आणतो. वर्ड मदत करायच्या नादात सरळ अवतरणचिन्हं वाकडी, शोभेची करून टाकतं. डोळ्याला फरक कळत नाही, ब्राउझरला कळतो. चित्राचा पत्ता अशा वाकड्या चिन्हांत लिहिला की ती चिन्हं पत्त्याचाच भाग धरली जातात, आणि चित्राच्या जागी फुटकी चौकट येते. पोरगं तासभर चित्राची फाइल बदलत बसतं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला कोड चिकटवतानाही ही चिन्हं आधी तपासा.

मशीनची पाहणी

'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी' वर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: विंडोज कोणतं, सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, आणि रॅम किती.

रॅम ८ जीबी, विंडोज १० किंवा ११, ६४ बिट असेल तर डोळे झाकून व्हीएस कोड घ्या आणि खालचं बरंचसं वाचलं नाही तरी चालेल.

४ जीबी असेल तर व्हीएस कोड चालतो, पण क्रोमच्या दहा टॅब उघड्या ठेवून नाही. कंपनी आपल्या गरजांच्या यादीत १ जीबी रॅम लिहिते. ती फक्त एडिटर उघडण्यापुरती धरा, कारण आपल्याला बाजूला ब्राउझर लागतोच. अशा मशीनमध्ये जुनी हार्डडिस्क असेल तर रॅमच्या आधी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवा. फरक पहिल्याच दिवशी कळतो. आमच्या क्लासातली चार मशीनं याच उपायावर अजून तग धरून आहेत.

२ जीबी रॅम, विंडोज ७ किंवा ३२ बिट यांपैकी एकही गोष्ट निघाली, तर नोटपॅड प्लस प्लस. ३२ बिट विंडोजसाठी व्हीएस कोड १.८३ या आवृत्तीनंतर निघालेलाच नाही. जुन्या आवृत्त्या शोधून टाकता येतात, पण त्यांना सुरक्षेची डागडुजी मिळत नाही आणि नवी एक्सटेन्शनं, म्हणजे एडिटरला जोडायच्या जादा सोयी, त्यांच्यात बसत नाहीत. असला आटापिटा शिकाऊ माणसानं करू नये.

व्हीएस कोड जड का, हेही सांगतो, कारण पोरांना वाटतं आपल्या मशीनला व्हायरस लागला. हा एडिटर इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर उभा आहे आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर बनतो तोच ब्राउझर. एडिटर उघडला की खरं तर एक आख्खा ब्राउझर उघडतो. वर तुमचा स्वतःचा क्रोम. मे महिन्यात पारा ४३ वर, पत्र्याची खोली, आणि लॅपटॉपचा पंखा हेलिकॉप्टरसारखा का घरघरतो याचं उत्तर इथंच आहे.

फोल्डर आणि फाइल: इथंच निम्मे अडकतात

एडिटर टाकण्याआधी डी ड्राइव्हवर एक फोल्डर बनवा. नाव इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मधे जागा सोडू नका. चित्रांच्या नावांनाही हाच नियम. विंडोजला मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक नसतो, बहुतेक होस्टिंगवर, म्हणजे वेबसाईट जिथं चढवतो त्या कॉम्प्युटरवर, विंडोजऐवजी लिनक्स असतं आणि त्याला असतो. म्हणून घरी दिसणारं चित्र वेबसाईट चढवल्यावर गायब होतं.

दुसरं, विंडोज फाइलचं शेपूट लपवतं. तुम्ही साध्या नोटपॅडमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावानं फाइल साठवता, आणि ती खरी असते 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी'. डबल क्लिक केलं की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं. विंडोज १० मध्ये एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबवर 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' ला टिक करा. ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग तेच. हे एकदाच करायचं आणि कायम चालू ठेवायचं.

एकच पान, दोन एडिटर

एडिटरांची तुलना वाचून होत नाही. चटणी-भाकरीसारखं आहे, खाऊनच बघावं लागतं. मी पोरांना एक छोटं काम देतो: ओळखीच्या कुणाच्या तरी धंद्याचं एका पानाचं दरपत्रक. रोपवाटिका, हळदीची गिरणी, मंडप-डेकोरेशन, काहीही. वर नाव, खाली बारा वस्तूंची यादी, एक मराठी परिच्छेद, फोन नंबर. हेच पान दोन एडिटरांत बनवायचं आणि पुढच्या गोष्टी बघायच्या.

सांगाडा किती लवकर उभा राहतो? व्हीएस कोडमध्ये नवी फाइल आधी एचटीएमएल नावानं साठवा, मग रिकाम्या जागी उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबा. पानाचा पूर्ण सांगाडा तयार होतो. या सोयीचं नाव एमेट, आणि ती व्हीएस कोडमध्ये मुळातच असते, वेगळी टाकावी लागत नाही. 'एलआय' लिहा, चांदणी (स्टार) मारा, बारा आकडा लिहा, टॅब दाबा: यादीच्या बारा रिकाम्या ओळी. पहिल्यांदा दाखवलं की क्लासात "आं?" असा आवाज निघतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एमेट आपसूक नाही. तिथं मी सांगाडा एकदा हातानं लिहायला लावतो आणि वेगळ्या फाइलीत जपून ठेवायला सांगतो. खरं सांगायचं तर हातानं लिहिलेल्या पोरांना पुढं टॅग जास्त पाठ असतात.

सगळ्या फाइलींत एकदम शोधता येतं का? फोन नंबर बदलला आणि तो सात पानांवर आहे, तर हे लागतं. दोघांतही जमतं: कंट्रोल, शिफ्ट आणि एफ.

वीज गेली तर? हे आपल्याकडं चैनीत मोडत नाही. डेस्कटॉपची पिन उपसून बघू नका, टास्क मॅनेजर उघडून एडिटरला 'एंड टास्क' द्या आणि पुन्हा उघडा. व्हीएस कोड न साठवलेला मजकूरही परत आणतो. नोटपॅड प्लस प्लस मूळ सेटिंगमध्ये दर ७ सेकंदांनी बॅकअप घेतो, म्हणजे फार तर शेवटची एखादी ओळ जाते. सब्लाइम टेक्स्ट हा पुढं येणारा तिसरा एडिटरही उघडे कागद लक्षात ठेवतो. तरी व्हीएस कोडच्या फाइल मेनूत 'ऑटो सेव्ह' ला टिक करून ठेवाच. इन्व्हर्टरवर भिस्त ठेवून क्लासात मी एकदा अख्खा तास गमावलाय.

मराठी टाकून बघा

एडिटरांची तुलना करणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी मजकुरावर बनलेले असतात. आपली गिऱ्हाइकं मराठी वाचणारी. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

काही वर्षांपूर्वी बदनापूरकडच्या एका रोपवाटिकेचं दरपत्रक मी केलं होतं. न्यूसेलर मोसंबी, केशर आंबा, सीताफळ, अशी यादी. एक जुनी फाइल उघडली, तिच्यातच नवी नावं लिहिली, साठवली, चढवली आणि जेवायला गेलो. घास तोंडात असताना मालकांचा फोन. "सर, रोपाच्या नावाच्या जागी निस्ते प्रश्नच यायलेत. गिऱ्हाईक मलाच विचारायलंय, मामा, हे कोणतं झाड?" पान उघडलं तर खरंच, प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह. दर तेवढे बरोबर.

झालं असं की ती जुनी फाइल 'एएनएसआय' या एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीची होती. तिच्यात देवनागरीला जागाच नसते. एडिटरनं प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं, आणि एकदा तसं साठवलं की मूळ अक्षर परत येत नाही. यादी मामांकडून फोनवर पुन्हा लिहून घ्यावी लागली.

म्हणून एडिटर उघडला की आधी खालच्या पट्टीत उजवीकडं बघा. तिथं 'यूटीएफ-८' हे मराठी टिकवणारं एन्कोडिंग दिसलं पाहिजे. व्हीएस कोडमध्ये नवी फाइल तशीच बनते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'एन्कोडिंग' नावाचा मेनू आहे आणि त्यात दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. नुसतं यूटीएफ-८ निवडलं की एडिटर त्याच फाइलकडं वेगळ्या चष्म्यातून बघतो. 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' निवडलं की फाइल खरोखर बदलते. जुनी फाइल असेल तर कन्व्हर्ट करा, आणि मराठी लिहायच्या आधी करा.

याच्या उलट बिघाडही होतो. फाइल यूटीएफ-८ च असते, पण ब्राउझरला ते सांगितलेलं नसतं. मग मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्यामागं दोन विचित्र चिन्हं, अशी रांग लागते. कारण सोपं आहे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, आणि ब्राउझर तिन्ही बाइट सुटे सुटे वाचत बसतो. ही रांग दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. पानाच्या हेडमध्ये, म्हणजे फाइलच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागात, मेटा टॅगात कॅरसेट यूटीएफ-८ लिहिलंय का बघा. एमेटचा सांगाडा ते आपणहून लिहितो. फक्त त्या सांगाड्यात भाषा इंग्रजी धरलेली असते. एचटीएमएल टॅगमधलं लँग 'ईएन' खोडून 'एमआर' करा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात त्यामुळं ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आमच्या शाळेतल्या बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला ल पानावर दिसला की मला बरं वाटतं.

आता डीटीपीवाल्यांचा मजकूर. गिऱ्हाईक म्हणतं, "पत्रिकेवाल्याकडं सगळं टाइप केलेलं आहे, तेच घ्या." ते असतं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात. एडिटरमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांचा काला दिसतो. एडिटर बिघडलेला नसतो. त्या पद्धतीत मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ ज्यावर चालतं त्या आजच्या पद्धतीत, फिरवून देणारी कन्व्हर्टरं मिळतात. फिरवल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथंच होतात. मूळ पत्रिकेत 'कीर्तन' असतं आणि पानावर भलतंच काही उमटतं. दोन परिच्छेदांचाच मजकूर असेल तर सरळ नव्यानं टाइप केलेला परवडतो.

कीबोर्डचा गोंधळ शेवटी. विंडोज की आणि स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. पोरं मराठी मजकूर लिहितात, परत फिरायचं विसरतात आणि सीएसएसमध्ये अक्षराचा आकार देवनागरी आकड्यांत १६ लिहून मोकळी होतात. डोळ्याला अगदी बरोबर दिसतं, ब्राउझर ती ओळ गुपचूप सोडून देतो. कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. मजकुरातले देवनागरी खुशाल ठेवा.

देवनागरीत बॅकस्पेस मारली की आधी मात्रा जाते, मग अक्षर. बारीक खांबासारखी सरळ मांडणी इंग्रजी कोडची होते तशी मराठी मजकुराची होत नाही. त्याचं दुःख करू नका. लांब मराठी परिच्छेद पडद्याबाहेर पळत असेल तर व्हीएस कोडमध्ये ऑल्ट आणि झेड दाबा, ओळ गुंडाळली जाते.

कोण कसा आहे

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा, २०१५ साली आला, फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. आज नोकरीच्या ठिकाणी तोच भेटायची शक्यता जास्त. माझी तक्रार एकच: एक्सटेन्शनांचा बाजार. नवा माणूस 'टॉप २५ एक्सटेन्शन' बघून सगळी टाकतो आणि मग एडिटर बैलगाडीसारखा चालतो. सुरुवातीला दोनच घ्या. लाइव्ह सर्व्हर, म्हणजे फाइल साठवली की ब्राउझरातलं पान आपोआप ताजं होतं. आणि प्रेटियर, म्हणजे विस्कटलेला कोड नीट रांगेत बसतो. टाकताना डाउनलोडचा आकडा बघा, सारख्या नावाचे तोतये असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर सेटिंगमध्ये अपडेट 'मॅन्युअल' करा, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारीच उडतो. मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती जाऊ नये असं वाटणाऱ्यांसाठी त्याच कोडवरून बनवलेला व्हीएसकोडियम आहे, पण त्याचा एक्सटेन्शनांचा बाजार वेगळा, आणि शिकाऊ माणसाला तिथं एखादी गोष्ट सापडत नाही.

नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून आहे, फक्त विंडोजवर. उतरवायला दहा एमबीसुद्धा लागत नाही, दुकानातल्या सगळ्यात जुन्या डब्यावरही टिचकीसरशी उघडतो. तीन गोष्टी मात्र हातानं चालू कराव्या लागतात. फाइल मेनूतून 'ओपन फोल्डर ॲज वर्कस्पेस', म्हणजे डावीकडं फाइली दिसतात. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, ऑटो-कम्प्लीशन इथं जाऊन एचटीएमएलचा बंद टॅग आपोआप टाकायला सांगा. आणि व्ह्यू मेनूतून चालू फाइल ब्राउझरात उघडायची सोय आहे ती लक्षात ठेवा. साठवायचं, ब्राउझरात जाऊन एफ ५ दाबायचं, असं जुन्या वळणानं काम चालतं. मी स्वतः अजूनही झटपट दुरुस्तीला हाच उघडतो.

सब्लाइम टेक्स्ट दिसायला देखणा आणि चालायला चपळ. परवाना ९९ डॉलरचा, पण चाचणीला मुदत नाही. साठवता साठवता मधूनच विकत घ्यायची आठवण करून देतो एवढंच. ४ जीबीच्या मशीनवर व्हीएस कोड धापा टाकत असेल तर हा मधला पर्याय.

जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं असेल तर जीनी बघा. हलका आहे, तक्रार करत नाही.

वेबस्टॉर्म ताकदीचा, २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, पण मशीनकडून भरपूर मागतो. आता नको. व्हिमबद्दल यूट्यूबवर फार ऐकाल. पुढं कधी होस्टिंगच्या सर्व्हरवर काळ्या पडद्यात फाइल बदलायची वेळ आली तर तो भेटेलच. तोपर्यंत त्यातून बाहेर पडायचं तेवढं शिकून ठेवा: एस्केप, मग विसर्गासारखं कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.

ॲटम आणि ब्रॅकेट्स यांच्या नादी लागू नका. जुन्या व्हिडिओंत दोघांची फार तारीफ आहे. ॲडोबीनं ब्रॅकेट्सचा आधार १ सप्टेंबर २०२१ ला काढला आणि गिटहबनं ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला गुंडाळला. व्हिडिओ बघताना त्याची तारीख बघायची सवय लावा.

एआयवाले एडिटर आणि व्हीएस कोडमधला कोड सुचवणारा कोपायलट यावर दर बॅचला वाद होतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पहिला महिना बंद ठेवा. राखाडी रंगात पुढची ओळ आयती दिसते, पोरगं टॅब दाबतं, पान तयार होतं, आणि "हा डिव्ह इथं काहून आला?" विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत बसतं. स्वतःच्या हातानं तीन पानं उभी केल्यावर खुशाल चालू करा, कारण तेव्हा ते काय चुकवतंय हे कळतं.

मशीनच नसेल तर

क्लासात दर वर्षी दोन-चार जण असे असतात. अँड्रॉइड मोबाइलवर एकोड नावाचा एडिटर टाका. त्यातच पान कसं दिसतं तेही बघता येतं. मोबाइलच्या कीबोर्डवर कंस आणि चिन्हं शोधण्यात बोटं दुखतात, म्हणून एक ओटीजी केबल घ्या आणि साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. जिंतूरच्या एका मुलीनं याच जुगाडावर आईच्या शिवणकामाचं पान बनवलं.

कॉलेजच्या लॅबमध्ये काही टाकायची परवानगी नसते. तिथं ब्राउझरातच चालणारा व्हीएस कोड आहे, 'व्हीएसकोड डॉट डेव्ह' या पत्त्यावर. क्रोम किंवा एजमधून पेनड्राइव्हवरचा फोल्डरही उघडता येतो. लाइव्ह सर्व्हर मात्र तिथं मिळणार नाही, आणि नेट लागतं. नेटही नसेल तर नोटपॅड प्लस प्लसची झिप पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा. न टाकताच चालतो.

कोणताही एडिटर असो, उतरवायचा तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. कुणाच्या 'क्रॅक सॉफ्टवेअर' फोल्डरातून घेतलेला फुकटचा एडिटर कशाला? शिकायला हे सगळे तसेही फुकटच मिळतात, सब्लाइमच्या चाचणीलाही मुदत नाही. आणि एखादा नाहीच पटला तर काढून टाका. आमच्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. फाइली साध्या मजकुराच्या आहेत, दुसऱ्या एडिटरात जशाच्या तशा उघडतात.

गिऱ्हाइकाच्या हातात

आपल्याकडचं गिऱ्हाईक पान बघणार मोबाइलवर. म्हणून पान चढवायच्या आधी मोबाइलवर बघा. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर घ्या. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत लाइव्ह सर्व्हरचं 'गो लाइव्ह' बटण दाबा. विंडोजचा फायरवॉल विचारेल, परवानगी द्या. मग विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचा आयपीव्ही ४ पत्ता बघा. टिंबांनी तोडलेले चार आकडे असतात. मोबाइलच्या ब्राउझरात तो पत्ता लिहा, पुढं कोलन, पुढं ५५००. पान मोबाइलवर उघडतं, आणि लॅपटॉपवर एक शब्द बदलून साठवला की हातातल्या पडद्यावरही बदलतो. उघडलं नाही तर दहापैकी आठ वेळा दोन्ही यंत्रं वेगळ्या नेटवर असतात.

अक्षर मुंगीएवढं दिसलं तर सांगाड्यातली व्ह्यूपोर्टची (पान मोबाइलच्या रुंदीला बसवणारी) मेटा ओळ खोडली गेलीय, ती परत आणा. फोन नंबरवर बोट ठेवलं की डायल व्हायला हवा; त्यासाठी त्याला लिंक करून पत्त्याच्या जागी टेल, कोलन आणि नंबर लिहायचा. मग मोबाइल तसाच दुकानदाराच्या हातात द्या आणि गप्प बसा. बदनापूरच्या मामांनी दुसऱ्या वेळी सगळी यादी बोट फिरवत वाचली, आणि म्हणाले, "सीताफळाचा भाव कालच बदललाय, सर."